आमची लढाई आणि लेकीचं लग्न

प्रश्न : ताई, सप्रेम जयभीम. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो, बेस्टमधून निवृत्त झालो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी मोर्चे काढले, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. मुलगी ३४ वर्षांची, इंजिनिअर आहे. कांजूरमार्गला स्वतःच्या नावावर कर्ज काढून तिने घर घेतलं. सांगलीची एक मुलगी तिच्यासोबत राहते, दोघी मिळून हप्ते भरतात. गेल्या वर्षी लेकीने सांगितलं की, आम्ही नुसत्या मैत्रिणी नाही, जोडीदार आहोत. कायद्याने होत असतं तर लग्न केलं असतं. मी रागावलो नाही, तिची आईही नाही. पण मध्यंतरी त्यांच्या लोकांच्या मोर्चात ती बाबासाहेबांचा फोटो घेऊन चालली. मी विचारलं, हा फोटो तिथे कशाला? तर म्हणाली, बाबा, तुमची आणि माझी लढाई एकच आहे. ते मला लागलं. आमच्या माणसांना पाणी मिळत नव्हतं, घरं जाळली गेली. हे लोक लग्नाचं सर्टिफिकेट मागतात. दोन्ही एका पंगतीत बसवायचं का? आणि कोर्टाने नाही म्हटल्यावर आता पाठिंबा द्यायचा तो कशाला? विहारात लोक विचारतात, त्यांना काय सांगू? नाव छापू नये.
— एक वडील, मुंबई

उत्तर : दादा, जयभीम.

तुम्हाला लागलं ते रास्त आहे. मी तुमच्या समाजात जन्मले नाही. पाण्याला हात लावला म्हणून मार खाणं काय असतं ते मी वाचलंय, भोगलेलं नाही. तेव्हा ‘दोन्ही सारखंच हो’ असं तुम्हाला ऐकवायचा अधिकार मला नाही, आणि ते खरंही नाही. जातीने पिढ्यान्‌पिढ्या माणसाची जमीन, वस्ती, शाळा, पोटाचा धंदा ठरवला. समलिंगी माणसावरचा अन्याय वेगळ्या वाटेने येतो आणि बहुतेकदा घरातूनच सुरू होतो. दलित पोर शाळेतून रडत आलं, तर काय झालं असेल ते आईला न सांगता कळतं. तुमच्या लेकीने तेहेतीस वर्षं तुमच्याच घरात हे मनात ठेवलं.

आणखी एक कबूल करायला हवं. त्या चळवळीतही जात आहेच. २०१५ साली मुंबईतल्या एका आईने आपल्या मुलासाठी ‘वर पाहिजे’ अशी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. धाडसाचंच काम होतं. काही वर्तमानपत्रांनी ती घ्यायला नकार दिला होता. पण जाहिरातीत ‘जातीची अट नाही’ असं म्हणून पुढे कंसात स्वतःच्याच जातीला पसंती लिहिलेली होती. तुमच्या समाजातले लोक या चळवळीकडे सावधपणे बघतात त्यामागे असले अनुभव आहेत. तुमची लेक बाबासाहेबांचा फोटो घेऊन तिथे जाते ती कदाचित त्यांनाही काही ऐकवायला जात असेल. तिला एकदा विचारा.

पण ‘हे लोक नुसतं लग्नाचं सर्टिफिकेट मागतात’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. जात टिकते कशावर, हे तुम्हाला मी सांगायला नको. रोटीव्यवहार पुष्कळ ठिकाणी सुटला. बेटीव्यवहार अजून सुटत नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असतानाच निबंध वाचला होता : जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा, सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही सगळी ते कुंपण राखायची साधनं. वीस वर्षांनी, १९३६ साली, लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी जात मोडायचा खरा उपाय सांगितला, तोही आंतरजातीय विवाह. कोणी कोणाशी संसार करायचा हे परक्याने ठरवणं किती खोल जातं, हे या देशात त्यांच्याइतकं नेमकं कोणी मांडलेलं नाही.

आणि कायदाही तेव्हा त्या कुंपणाच्या बाजूने होता. १८७२चा विशेष विवाहाचा कायदा बघा. धर्माबाहेर लग्न करायचं तर ‘मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, बौद्ध नाही, शीख नाही, जैन नाही’ असं लिहून द्यावं लागे. लग्न हवं तर आपण कोण ते आधी नाकारा! हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती ती अट १९२३ साली सैल झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय लग्नांना कायद्याचं संरक्षण दिलं ते संस्थानापुरतं. विधी करून झालेली हिंदूंमधली आंतरजातीय लग्नं देशभर निर्विवाद कायदेशीर ठरायला १९४९ उजाडलं. तोवर अशा जोडप्याच्या मुलांना ‘तुमच्या आईबापांचं लग्नच नाही’ असं म्हणून भाऊबंद वारसा नाकारू शकत होते. म्हणजे तेव्हाही प्रश्न सर्टिफिकेटचाच होता.

आमच्या मुंबईनेही हे सगळं पाहिलंय. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, पण विष्णुशास्त्री पंडितांनी पुढाकार घेऊन इथे पहिला गाजलेला विधवाविवाह लावला तो १८६९ साली, आणि त्यावर बहिष्कार पडला. रखमाबाईंना लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नव्हतं. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग चालेल म्हटलं. प्रकरण तडजोडीने मिटलं आणि बाई पुढे डॉक्टर झाल्या. दर वेळी तीच ओरड : धर्म बुडाला, कुटुंब मोडलं, समाज अजून तयार नाही.

अमेरिकेतही काळ्या माणसांना तुमच्यासारखाच प्रश्न पडला होता. आमच्या गुलामगिरीशी यांची तुलना कशाला, असं त्यांच्यातले पुष्कळ जण म्हणत, चर्चमध्ये तर जास्तच. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग हे व्हर्जिनियातलं जोडपं. ती काळी, तो गोरा. त्यांच्या राज्यात असं लग्न गुन्हा होता, म्हणून १९५८ साली वॉशिंग्टनला जाऊन लग्न करून आले. पाच-सहा आठवड्यांतच शेरीफ मध्यरात्रीनंतर घरात घुसला, थेट झोपायच्या खोलीत. लग्नाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं होतं. ते दाखवलं, तर म्हणाला, हे इथे चालत नाही. शिक्षा टाळायची तर २५ वर्षं जोडीने राज्यात पाऊल ठेवायचं नाही, असं न्यायाधीशाने सुनावलं. १२ जून १९६७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. त्याला ४० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २००७ साली, मिल्ड्रेडबाईंनी निवेदन काढलं. तोवर रिचर्ड वारले होते. आपल्याला मिळालं ते स्वातंत्र्य समलिंगी माणसांनाही मिळालं पाहिजे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आपलं दुःख लहान झालं असं त्यांना वाटलं नाही.

आणि १९६३चा वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग बोलले, त्याची सगळी बांधणी करणारे बायार्ड रस्टिन स्वतः समलिंगी होते. चळवळीतल्याच काहींनी त्यांना पुढे येऊ दिलं नाही, बदनामी होईल म्हणून. तंबू, पाणी, बसगाड्या, लाखो माणसांची ने-आण, सगळं त्यांनी पाहिलं. तुम्ही मोर्चे काढलेत. हे काम काय असतं ते तुम्हाला कळेल. काळ्यांची सगळ्यात जुनी मोठी नागरी हक्क संघटना एनएएसीपी, तिने २०१२ साली समलिंगी विवाहाला नागरी हक्क म्हणून पाठिंबा दिला. घाईने नव्हे, पुष्कळ वाद घालूनच दिला.

आता फोटोचं. आज बाबासाहेब समलिंगी विवाहावर काय म्हणाले असते, हे मी सांगणार नाही. त्यांच्या तोंडी आपली मतं घालणाऱ्यांची काही कमी नाही. झालं ते सांगते. र. धों. कर्वे मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत. त्यातही हे असंच सदर होतं, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचं. लैंगिक जीवनाविषयी, त्यात समलिंगी संबंधांविषयीही, वाचकांनी विचारलं आणि कर्व्यांनी न लाजता उत्तरं दिली. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घ्यायला पुढे आले ते बॅरिस्टर आंबेडकर. तेव्हा त्यांच्यामागे गोलमेज परिषदा होत्या, पुणे करार होता, अख्ख्या समाजाचं ओझं होतं. असल्या बदनाम खटल्यात हात घालायची त्यांना काही गरज नव्हती. माणसाला स्वतःच्या शरीराविषयी प्रश्न विचारायचा आणि खरं उत्तर मिळवायचा हक्क आहे, ही बाजू घेऊन ते उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मी आज ज्या सदरात तुम्हाला उत्तर देतेय, तसल्या सदरासाठी तो माणूस कोर्टात उभा होता. फोटो तिथे कशाला, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

कोर्टाने नाही म्हटलं, हे खरं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की, लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा बदलायचा तर संसदेने बदलावा. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला तरी मान्यता द्यायची का, यावर दोन न्यायाधीश हो म्हणाले, तिघे नाही. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. पण दादा, कोर्टाने आणि सरकारने एकदा नाही म्हटलं की संपलं, हे मी तुम्हाला सांगावं? सार्वजनिक पाणवठे खुले करायचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात झाला १९२३ साली. चवदार तळ्याचं पाणी प्यायला चार वर्षांनी महाडला जावं लागलं. त्यानंतर महाड नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आला १९३७ साली. हिंदू कोड बिल अडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, आणि त्याचे तुकडे कायदे होऊन आले १९५५-५६ मध्ये. नामांतराचा ठराव १९७८चा, विद्यापीठाला नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामविस्तार करून. ती सगळी वर्षं तुम्ही रस्त्यावर होतात.

संसदेने बदलावं असं कोर्ट म्हणतंय, म्हणजे आता लोकांच्या मताला किंमत आहे. त्या खटल्यात केंद्र सरकारने ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे असं म्हटलं होतं. बीडीडी चाळीत वाढलेल्या बेस्ट कामगाराची मुलगी ही मागणी करते आणि तिचा बाप तिच्या बाजूने उभा आहे, हे खासदाराला पत्र लिहून कळवलंत तर त्या म्हणण्याला तुमच्याइतकं चोख उत्तर दुसरं कोणी देऊ शकणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातल्या चारशेहून अधिक आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, आम्हाला आमच्या मुलांचं लग्न बघायचंय म्हणून. तुम्ही दोघं त्यांच्याशी बोला. घरात बसून एकट्याने विचार करण्यापेक्षा ते बरं.

प्रमाणपत्र नसल्याने काय होतं, तेही ऐका. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. गिरगावात पागडीच्या खोलीत दोघी शिक्षिका आयुष्यभर एकत्र राहिल्या. खोली दुसरीच्या नावावर होती आणि ती वारली. या बाईंनी पिशवीतून एकेक कागद माझ्या टेबलावर काढून ठेवला : भाडेपावत्यांचा गठ्ठा, लाइटची बिलं, गॅसचं पुस्तक. शेवटी रेशनकार्ड. त्यावर कुटुंबप्रमुखाशी नातं या रकान्यात लिहिलं होतं, ‘इतर’. भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू गेल्यावर खोली जाते ती त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे. असं कोणी नसेल तर वारसाकडे. वारस होता नाशिकचा पुतण्या, दिवाळीलाही न फिरकणारा. मृत्युपत्र होतं, अगदी व्यवस्थित केलेलं. पण अशी भाडेकरारावरची खोली मृत्युपत्राने परक्याला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच सांगून ठेवलंय. मी जेवढं भांडता येईल तेवढं भांडले. बाईंनी अखेर थोडे पैसे घेऊन किल्ली दिली. नवरा-बायको असते तर एक अर्ज आणि मृत्यूचा दाखला, एवढ्यावर काम झालं असतं.

तुमच्या लेकीचं घर मालकीचं आहे, म्हणून तिचा मार्ग थोडा मोकळा आहे. पण आज ती मृत्युपत्र न करता गेली तर, देव करो आणि तसं न होवो, हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू असल्यामुळे ते घर तुमच्याकडे आणि तिच्या आईकडे येईल. निम्मे हप्ते भरणारी पोर रस्त्यावर. दोघींनी एकमेकींच्या नावे मृत्युपत्र करायलाच हवं. बाहेरचे दोन साक्षीदार घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका. घर, विमा, भविष्य निर्वाह निधी, सगळं त्यात लिहा. नॉमिनी केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. विम्यात नवरा-बायको, मुलं आणि आईवडील नॉमिनी असतील तर पैसा त्यांचा होतो. दुसरं कोणी असेल तर तो माणूस पैसे नुसता हातात घेतो, वारस ते मागू शकतात. सोसायटीतल्या नॉमिनेशननेही मालकी मिळत नाही. आजारपणात कोणाला विचारायचं, हे लिहून ठेवणारं वैद्यकीय इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. तेही दोघींनी करावं.

घराचा निम्मा हिस्सा आत्ताच जोडीदाराच्या नावावर करू का, असं लेक विचारेल. हिशेब करून मग ठरवा. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. तुम्ही लेकीला दिलंत तरी २०० रुपये. लेकीने तिच्या जोडीदाराला दिलं तर परक्याच्या दराने, बाजारभावाच्या टक्क्यांत. शिवाय ५० हजारांवरची ‘परक्या’कडून आलेली भेट जोडीदाराचं करपात्र उत्पन्न धरली जाते. या कराच्याच प्रश्नावर एका जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आहे.

तुमच्याकडून व्हायला हवी अशी एक गोष्ट आहे. कायद्याने तिचे वारस तुम्ही आहात, तेव्हा उद्या हरकत घेऊ शकणारेही तुम्हीच, आणि तुमच्यानंतर तुमची इतर मुलं असतील तर ती. मृत्युपत्र करताना सगळ्यांना बसवा, वाचून दाखवा. आमच्या संमतीने हे होतंय, असं एक पत्र तुम्ही आणि वहिनींनी सही करून सोबत ठेवा. कोर्टात या पत्राने सगळं मिटत नाही, पण भाऊबंदकी पुष्कळदा तिथेच थांबते.

विहारात विचारलं तर सरळ सांगा : लेक आणि तिची जोडीदार, दोघींचा संसार आहे. कोणी म्हणालं हे आपल्यात नाही, तर म्हणा, माझ्या घरात आहे. आणि पुढच्या १४ एप्रिलला दोघींना सोबत घेऊन जा.

प्रश्न : आम्ही दोघे मुलगे भांडुपला एकत्र राहतो. बँकेत जॉइंट खातं उघडायला गेलो तर अधिकाऱ्याने नातं विचारलं आणि फॉर्म परत केला. खरंच चालत नाही का?
— भांडुप

उत्तर : चालतं. समलिंगी जोडीदारांनी संयुक्त खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केलं. रिझर्व्ह बँकेने त्याआधी आठवडाभर, २१ ऑगस्टला, सगळ्या बँकांना तसं कळवलं होतं. खरं तर त्याआधीही बंदी कधीच नव्हती. दोन मित्र, दोन भागीदार जॉइंट खाती उघडतच आलेत. त्या स्पष्टीकरणाची प्रत छापून घ्या, शाखा व्यवस्थापकाला भेटा आणि फॉर्म परत करत असतील तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक वेळा फॉर्म घेतात. नाही घेतला तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. आणि खातं उघडल्यावर नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका.